रान राखायचं, पण कुणाच्या हवाली करून?

प्रश्न : पत्रलेखिका ७१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहेत, पुण्यात राहतात. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. संगमेश्वर तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित वरकस (डोंगरउताराची, हलकी) जमीन आहे, दोन गट मिळून साधारण चौदा एकर. एक गट वाटपात यजमानांच्या वाट्याला आलेला, दुसरा दिराच्या मुलांबरोबर सामाईक. कित्येक वर्षांत तिथे कुणी कुऱ्हाड लावलेली नाही, त्यामुळे ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ असं दाट रान उभं आहे. खालच्या अंगाला जुनं घर आणि काजूची थोडी कलमं. यजमान गेल्यावर दोन्ही मुलांनी तलाठ्याकडे 'आमची हरकत नाही' असं लिहून दिलं आणि सातबाऱ्यावर बाईंचं नाव लागलं. मुलगा टोरांटोला, आता कॅनडाचा नागरिक. मुलगी ठाण्याला, तिची मुलगी दर मे महिन्यात आजीबरोबर गावी जाते. लाकडाचा ठेकेदार दरवर्षी येतो आणि भाव वाढवून सांगतो. 'विकून मोकळी हो,' असं मुलगा म्हणतो. बाईंना रान आहे तसं राहायला हवं आहे. 'जमीन मुलांना, पण विकायची नाही आणि झाड तोडायचं नाही' असं मृत्युपत्र करावं, की निसर्गाचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला सगळी जमीन लिहून द्यावी, असं त्या विचारतात.

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलेले दोन्ही मार्ग आज जसेच्या तसे कागदावर उतरवले, तर तुमच्या माघारी पहिल्याच वादात कोसळतील. म्हणून मृत्युपत्राकडे जरा उशिरा येऊ. रान राखण्याच्या कामात मृत्युपत्र हे सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत दुबळं हत्यार आहे. खरं काम तुमच्या हयातीत, तुमच्या सहीने व्हायचं आहे.

सुरुवात 'माझी जमीन' या शब्दांपासून करू. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, म्हणून जमीन पूर्ण तुमची आहे असं तुम्ही धरून चालला आहात. सातबारा हा महसुलाचा कागद. सारा कुणी भरायचा आणि कब्जा कुणाचा ते तो सांगतो, मालकी ठरवत नाही. यजमान मृत्युपत्राविना गेले, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस, तिघांना सारखा हिस्सा. जमीन एकत्र कुटुंबाची धरली तरी हिशेब तिथेच येतो : वाटप झालं असं मानून यजमान, तुम्ही, मुलगा, मुलगी यांना पाव-पाव, आणि यजमानांचा पाव पुन्हा तुम्हा तिघांत. बेरीज करा, प्रत्येकी एक तृतीयांशच. मुलांनी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) दिलेला ना-हरकत जबाब म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला दस्तच लागतो. तसा दस्त झालेला नसेल, तर तुम्हाला मृत्युपत्राने देता येतो तो फक्त तुमचा तिसरा हिस्सा. सामाईक गटात तर तुमच्या घराच्या हिश्श्याचा तिसरा.

हे वाचून धस्स होईल, पण यात एक चांगली बाजू आहे. ज्यांच्याविषयी 'माझ्या माघारी विकून टाकतील' अशी भीती वाटते, ती मुलं आजच मालक आहेत. त्यांना वगळून काही होणार नाही, आणि त्यांना सोबत घेतलं तर आजच पुष्कळ होऊ शकतं.

आता तुमचा पहिला पर्याय : मुलांना द्यायची, पण अटी घालून. आपल्याकडच्या निम्म्या मृत्युपत्रांत हे वाक्य असतं आणि ते वाया जातं. संपूर्ण मालकी द्यायची आणि वर 'कधीही विकू नये' म्हणायचं, हे कायद्याला मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० मध्ये अशी पूर्ण बंदी शून्यवत ठरते, आणि मृत्युपत्रांच्या बाबतीतही न्यायालयं त्याच तत्त्वाने जातात. भारतीय वारसा कायद्याचं कलम १३८ निधीबाबत आणखी स्पष्ट आहे : निर्वेध दिलेला निधी अमुकच रीतीने वापरावा असा आदेश मृत्युपत्रात असला, तरी घेणाऱ्याला तो आदेश नसल्यासारखाच निधी मिळतो. म्हणजे अट गळून पडते आणि देणगी उरते. मुलगा दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला फोन करू शकतो, आणि त्यात बेकायदा काही नसेल.

परदेशातल्या नातेवाइकांकडून अमेरिकेतल्या सोयीबद्दल बरेचजण ऐकून असतात. तिथे जमीनमालक बांधकामाचा, तोडीचा हक्क कायमचा एखाद्या भू-संवर्धन संस्थेकडे सोपवतो. तो दस्त नोंदला जातो, पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतो, शिवाय आयकरात आणि वारसाकरात सवलत मिळते. आपल्याकडे तसा कायदा नाही. १८८२ च्या आपल्या सुविधाधिकार कायद्यात एका जमिनीवरचा बोजा हा दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीच्या फायद्यासाठीच असावा लागतो; धनेश पक्ष्याच्या फायद्यासाठी तो टाकता येत नाही. करांचं म्हणाल तर वारसाकर आपल्याकडे १९८५ मध्येच गेला, आणि आयकरातली देणगीची वजावट (८०जी) फक्त पैशाच्या देणगीला मिळते, जमिनीच्या नाही. तेव्हा कर वाचवण्यासाठी जमीन दान करा असं कुणी सुचवलं तर त्याला हे विचारा.

दुसरा पर्याय संस्थेचा. इथे आडवं येतं ते कूळकायद्याचं कलम ६३. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा हे काहीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि संस्था, ट्रस्ट, कंपनी या 'शेतकरी' नसतात. वरकस जमिनीवर रान वाढलं म्हणून ती शेतजमीन राहिली नाही असं होत नाही. 'पण मृत्युपत्र म्हणजे काही विक्री नव्हे,' हा जुना युक्तिवाद. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात तो नाकारला : मृत्युपत्राने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देणंही कलम ६३ च्या आड येतं. गुजरातचं हे कलम आणि आपलं, दोन्ही एकाच मुंबई कायद्यातून आलेली. नियम मोडला तर नुसता कागद बाद होऊन भागत नाही. व्यवहार अवैध ठरवून जमीन सरकारजमा करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. ज्या संस्थेवर भरवसा ठेवून तुम्ही जमीन लिहून द्याल, तिला तुमच्या पश्चात तहसील कचेरीत खेटे घालावे लागतील. धर्मादाय संस्थेसाठी परवानगी देण्याची सोय नियमांत आहे, पण ती आधी मागायची असते, आणि हयातीत मालकाने स्वतः मागितली तर प्रकरण सरळ राहतं.

'ट्रस्टला दिलं की कायमचं सुरक्षित' हीही एक समजूत तुमच्या पत्रात आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही हे खरं, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६. पण परवानगी देताना मुख्यतः बघितलं जातं ते संस्थेचं हित, म्हणजे गरज आहे का आणि भाव योग्य येतोय का. तुमचं रान राहील का, हा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर येतो जेव्हा संस्थेच्या घटनेतच नैसर्गिक अधिवास राखणं हा उद्देश स्पष्ट लिहिलेला असतो आणि तुमच्या दस्तात 'ही मिळकत केवळ या उद्देशासाठी, विश्वस्त नात्याने' असं म्हटलेलं असतं. म्हणून कुठल्याही संस्थेकडे जाल तेव्हा माहितीपत्रक राहू द्या, घटनेची प्रत मागा आणि उद्देशांचं कलम वाचा. 'पर्यावरण जागृती, वृक्षारोपण, शिबिरे' एवढंच असेल तर ती संस्था झाडं लावणारी आहे, रान राखणारी नव्हे. वृक्षारोपणाच्या उत्साहात जुनं झुडपी रान साफ करून ओळीने रोपं लावली गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. तुमच्या जमिनीवर नवीन काही लावायची गरजच नाही.

मग करायचं काय?

पहिलं काम कागदांचं, आणि त्यात घाई नको. सातबारा, आठ-अ आणि दोन्ही गटांचे जुने फेरफार काढा. १९७५ च्या आसपासचे तर हवेतच. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 'खाजगी वन', 'राखीव वन', वन कायदा कलम ३५ अशी एखादी ओळ आहे का ते भिंग लावून बघा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी कितीतरी खाजगी रानं एका फटक्यात सरकारकडे गेली. गावात मात्र कब्जा, फळं, लाकूडफाटा सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं, त्यामुळे घरच्यांना पत्ताच नसतो. एकूण धारण १२ हेक्टरच्या आत असलेल्यांना जमीन परत देण्याची तरतूद कलम २२अ मध्ये नंतर आली, पण त्यासाठी चौकशी होऊन आदेश व्हावा लागतो. क्षेत्र कमी आहे म्हणून जमीन आपोआप सुटत नाही. तशी नोंद निघाली तर तुमचा सगळा आराखडाच बदलेल. 'भोगवटादार वर्ग २' किंवा कूळकायदा कलम ४३ चा शेरा असेल तर हस्तांतरणाला वेगळ्या अटी लागू होतात, तेही त्याच वेळी कळेल.

मग मोजणी. घर, खळं आणि काजूची कलमं यांचा पोटहिस्सा वेगळा करून घ्या, आणि रानाचा वेगळा. सगळी चौदा एकर एकाच दावणीला बांधली की पुढे घराचं छप्पर वाढवायलाही अडचण येते, आणि मग मुलं रानाच्या नावानेच चिडतात. फक्त तुकडेबंदी कायद्यातल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडणार नाही एवढं भूमी अभिलेख कार्यालयात आधी विचारा. सामाईक गटाचं वाटप दिराच्या मुलांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून होऊ शकतं. त्यांच्याशी बोलणं टाळू नका. रानाला सातबाऱ्याची हद्द कळत नाही. त्यांच्या अर्ध्यात तोड झाली की तुमच्या अर्ध्याला वारा, ऊन आणि वणवा तिघंही आत घेतात.

आता तुमच्या मनातलं 'कायमचं' हे ज्याने बऱ्यापैकी साधतं ती तरतूद. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३६क : समुदाय राखीव. नाव समुदायाचं असलं तरी एखाद्या व्यक्तीने स्वतःहून पुढे येऊन आपली खाजगी जमीन वन्यजीवांसाठी राखायचं ठरवलं तर राज्य सरकार तीही जाहीर करू शकतं. अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय तिथला जमीनवापर बदलता येत नाही. मालकी तुमचीच राहते, वारसांकडे जाते, विकलीही जाऊ शकते. पण बंधन जमिनीला चिकटतं, माणसाला नाही. विकत घेणाऱ्याला रानच घ्यावं लागतं, लाकूड नाही. खाजगी जमिनीच्या बाबतीत समितीवर मालक, वन खातं आणि ग्रामपंचायत यांचे प्रतिनिधी असावेत अशी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली, त्यामुळे मालकाचा आवाज आता कागदावरही आहे. अर्ज चिपळूणच्या विभागीय वन अधिकारी कार्यालयात द्यायचा. सोबत तिघा मालकांची संमती, मोजणी नकाशा, उतारे, आणि रानात काय आहे याची यादी.

ही वाट संथ आहे, आणि चौदा एकराच्या एकट्या तुकड्यासाठी खातं उत्साह दाखवेलच असं नाही. दिराची मुलं आणि लगतचे दोन-तीन खातेदार मिळून सलग क्षेत्र दाखवलं, ग्रामसभेचा ठराव जोडला, तर फाइलला वजन येतं. आणि एक लक्षात ठेवा : हा दोर परत कापता येत नाही असं समजूनच बांधा. मुलगा-मुलगी मनापासून तयार नसतील तर आज नको.

त्याहून हलकी एक तरतूद आहे, वकिलांच्याही सहसा लक्षात नसते : भारतीय वन कायदा, १९२७, कलम ३८. जमिनीचे मालक, किंवा सामाईक असेल तर किमान दोन तृतीयांश हिश्श्याचे मालक, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विनंती करू शकतात की आमच्या वतीने वन अधिकाऱ्यांनी ही जमीन राखीव किंवा संरक्षित वन म्हणून सांभाळावी. अटी परस्परसंमतीने ठरतात. सामाईक गटात तुमच्या घराकडे निम्मा हिस्सा असेल तर दोन तृतीयांश भरण्यासाठी दिराच्या मुलांपैकी कुणाची तरी सही लागेलच.

आणि हे दोन्ही होईपर्यंत, किंवा झालंच नाही तर, संवर्धन करार. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था तुमच्याच संगमेश्वर तालुक्यात देवरायांवर आणि खाजगी रानांवर कितीतरी वर्षं काम करते आहे. रानमालकांशी ठरावीक मुदतीचे करार करणं ही त्यांची पद्धत. बेहड्याची फळं प्रमाणित करून विकली तर झाड उभं ठेवण्याला भाव येतो, हे त्यांनी तिथे करून दाखवलं आहे. जुन्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेश घरटं करतो, म्हणजे तुमच्या रानातली एकेक थोराड बेहडी मोजून ठेवावी अशी. अशा कराराला भाडेपट्ट्याचं रूप देऊ नका, पुन्हा कलम ६३ उभं राहील. जमीन तुमच्या ताब्यात, संस्थेकडे देखरेखीचं काम, तोड न करण्याची तुमची हमी, मोबदला असेल तर तो, मुदत, आणि करार मोडल्यास काय. करार सही करणाऱ्याला बांधतो, पुढच्या खरेदीदाराला नाही. म्हणून तिघांच्याही सह्या घ्या. संस्था कोणतीही निवडा, आधी एका मुदतीचा करार करून तिची वागणूक बघा, मग मालकीचं बोला.

आता पैसा. पत्रात याबद्दल एक शब्द नाही, आणि दान मिळालेली रानं हातची जातात ती बहुतेकदा इथेच. 'नुसतं सोडून दिलं की रान राहतं' ही चौथी समजूत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सड्यावरून (माथ्यावरच्या कातळपठारावरून) वणवा उतरतो. जाळरेषा जानेवारीत गवत वाळताच काढतात, चार-पाच मीटर रुंद. पण ऐन-किंजळीची पानगळ नंतर होते आणि ती रेषा पुन्हा पाचोळ्याने भरते. मार्चमध्ये दुसऱ्यांदा झाडली नाही तर जानेवारीचे पैसे धुरात. कडेने रानमोडी (झपाट्याने पसरणारं परकं झुडूप) आत शिरते, ती फुलायच्या आत उपटावी लागते. गडगा (दगडी कुंपण) ढासळला की गुरं येतात, गुरांच्या मागून कोयता. म्हणजे माणूस हवा.

एक ढोबळ हिशेब मांडू, आकडे तुमच्या गावच्या मजुरीप्रमाणे बदला. अर्धवेळ राखणदार महिना ६,००० म्हणजे वर्षाला ७२,०००. जाळरेषा दोनदा आणि गडग्याची डागडुजी ४०,०००. रानमोडी १५,०००. सारा, हिशेब तपासणी, जाणं-येणं १३,०००. झाले १,४०,०००. बँकेचं व्याज साडेसहा-सात टक्के धरलं तरी निम्मं महागाई खाते, ते मुद्दलात परत टाकायचं. वापरायला साडेतीन टक्के. म्हणजे ४० लाखांचा कायम निधी हवा. एवढा नसेल तर लाजू नका, पण मग राखायचं क्षेत्र कमी करा किंवा शेजाऱ्यांबरोबर राखणदार वाटून घ्या. जमीन देऊ, पैसे संस्था उभे करेल, असं गृहीत धरलेलं दान हे संस्थेच्या गळ्यातलं लोढणं होतं, आणि चांगल्या संस्था ते नाकारतात.

निधी मृत्युपत्राने देणं जमिनीपेक्षा कितीतरी सोपं. ठेवी, म्युच्युअल फंड यांवर कुणाला नॉमिनी केलं आहे ते तपासा. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही, पण मृत्युपत्रात एक नाव आणि खात्यावर दुसरं असलं की भांडण ठरलेलं. हयातीत थोडा निधी दिलात तर ८०जी मिळेल (नवीन करपद्धती निवडली नसेल तर). मुलाला वाटा उचलायचा असेल तर एक खाचखळगा : तो परदेशी नागरिक, म्हणून त्याचे पैसे परकीय देणगी ठरतात आणि संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी. मुलगी बिनदिक्कत देऊ शकते.

मृत्युपत्रात तुमच्या हिश्श्यासाठी मला सर्वांत टिकाऊ वाटणारी रचना अशी. संपूर्ण मालकी देऊन अटी घालण्याऐवजी मालकीच कमी द्यायची : तहहयात उपभोग एकाला, नंतरची मालकी दुसऱ्याला. ज्याला मालकीच नाही, त्याच्यावरची विक्रीबंदी रद्द होण्याचा प्रश्न येत नाही. मजकूर साधारण असा :

'गट नं. … मधील माझा अविभक्त एक तृतीयांश हिस्सा मी माझी मुलगी … हिला तिच्या हयातीपुरता केवळ उपभोगासाठी देत आहे. तो विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा त्यावरील उभी झाडे तोडण्याचा अधिकार तिला राहणार नाही. तिच्या पश्चात हा हिस्सा … या संस्थेकडे, कूळकायदा कलम ६३ खालील परवानगी मिळण्याच्या अधीन राहून, नैसर्गिक रान आहे त्या स्थितीत राखण्याच्या उद्देशासाठी विश्वस्त नात्याने जाईल. परवानगी न मिळाल्यास, संस्थेने नकार दिल्यास अथवा ती त्या वेळी अस्तित्वात नसल्यास हा हिस्सा माझी नात … हिच्याकडे जाईल.'

शेवटचं वाक्य वगळू नका. संस्था बंद पडतात, विलीन होतात, कधी विश्वस्तांत भांडणं लागतात. पर्याय लिहिलेला नसेल तर दान उलटून उर्वरित मालमत्तेत पडतं. आणि नातीचं नाव मी मुद्दाम घातलं. तुमच्या पत्रात ती एका ओळीत येते आणि जाते, पण चौदा एकराच्या वाटेवर दर मे महिन्यात चालणारी घरात ती एकटीच आहे. 'पुढच्या पिढीला काही पडलेलं नाही' असं लिहिताना तुम्ही तिला मोजलं नाहीत. शेतकरी कुटुंबातलीच असल्याने तिच्या बाबतीत कलम ६३ ची अडचण सहसा येत नाही. वकिलाकडून एकदा खात्री करून घ्या.

बाकी तांत्रिक गोष्टी पटकन. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या वयात आणि या विषयात करावीच. पुण्यातल्या दुय्यम निबंधकांकडे होते, देवरुखला जायला नको. प्रत्येक पानावर सही, दोन साक्षीदार, दोघंही तुमच्यापेक्षा बरेच लहान आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे. डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला. एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून मुलगी आणि सोबत साठीच्या आतला एखादा वकील किंवा विश्वासू माणूस. मृत्युपत्रानेच नवीन ट्रस्ट स्थापन करायचा घाट घालत असाल तर एक्झिक्युटरला तुमच्या मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत, किंवा प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) झालं तर त्यानंतर महिन्याभरात, यांपैकी जे आधी येईल तेव्हा धर्मादाय कार्यालयात नोंदणी अर्ज द्यावा लागतो. मला हा घाट पसंत नाही. चौदा एकरासाठी दरवर्षीचं ऑडिट आणि प्रत्येक विश्वस्त बदलला की बदल अर्ज, हे ओझं दोन पिढ्या कुणी वाहत नाही. कुलमुखत्यारपत्रावर तर विसंबूच नका, ते तुमच्याबरोबर संपतं.

अशाच विचारात असलेल्या इतरांसाठी : गोव्यातल्या वाचकांना तिथल्या वारसा कायद्याने निम्मी मालमत्ता हक्काच्या वारसांसाठी ठेवावीच लागते, दान उरलेल्या निम्म्यातून. मुस्लिम वाचकांना साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. ख्रिस्ती वाचकांवर धर्मादाय दानाबाबत असलेलं भारतीय वारसा कायद्याचं कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केलं, तरी जुनी पुस्तकं वाचून अजून कुणी कुणी घाबरवतात. आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी जमीन घेऊन दान करण्यापेक्षा दुसऱ्याच्या राखलेल्या रानाच्या राखणदाराचा पगार मृत्युपत्रात लिहावा.

राहिला मुलगा. त्याला 'तू विकणार' असं म्हणण्याऐवजी हे विचारा : तुला पैसे हवेत, की कटकट नको आहे? परदेशातल्या मुलांना बहुधा दुसरं हवं असतं. परदेशी नागरिक असूनही तो शेतजमीन वारशाने घेऊ शकतो, मात्र पुढे ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच देऊ शकतो. बक्षीसपत्राने त्याला शेतजमीन देताच येत नाही. कटकट नको असेल तर तो बहिणीच्या किंवा तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करू शकतो. त्यासाठी तिकडून पाठवलेलं मुखत्यारपत्र साक्षांकित हवं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायला हवा, नाहीतर निबंधक परत पाठवतात. पैसे हवे असतील तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्याचा हिस्सा विकत घेण्याचा पहिला हक्क तुम्हा दोघींचा आहे, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. ठेकेदाराने लाकडाचा दिलेला भाव हा त्या बोलणीचा आकडा नव्हे. तो तीन मालकांच्या सह्या आणि तोडीची परवानगी मिळाली तरचा आकडा आहे, आणि त्याच्याकडे आज दोन्ही नाहीत.

कागद काढणं, मोजणी, मुलांशी बोलणं, वन खात्यातली फाइल यात दोन-तीन वर्षं सहज जातील. तोवर थांबू नका. याच महिन्यात वरच्या मजकुराचं दोन पानी मृत्युपत्र करून नोंदवून टाका. संस्था ठरली नसेल तर तूर्त मुलगी आणि नात एवढीच नावं घाला. पुढे कितीही वेळा बदलता येतं, फक्त प्रत्येक नव्या मृत्युपत्राच्या पहिल्या परिच्छेदात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे' हे वाक्य आणि जुन्याचा नोंदणी क्रमांक लिहायचा.